प्रवास मुलांच्या मापाचा असावा



सुट्टी जवळ आली की शाळेच्या फाटकाशी पालकांच्या बोलण्याचा विषय एकच असतो, "यंदा कुठे?" कोणी पुण्याला आत्याकडे, कोणी नाशिकला मामाकडे, कोणी कुलदैवताला. इंदूरच्या मराठी घरांची ही जुनी रीत आहे. कित्येक पिढ्या माळव्यात काढूनही आपली नाळ तिकडे जोडलेली राहिली, त्यात या प्रवासांचा वाटा मोठा आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तरी आमची मराठी टिकली ती सुट्टीत ओसरीवर बसून ऐकलेल्या गप्पांमुळे. म्हणून हा विषय आम्हाला केवळ सहलीचा वाटत नाही.

सुट्टीनंतरच्या आठवड्यात आम्ही लहान वर्गांतील मुलांना प्रवासाबद्दल बोलायला सांगतो. त्यांना आठवते ते रेल्वेची खिडकी, आजोळची विहीर, गोठ्यातले वासरू, रात्री गच्चीवर घातलेली अंथरुणे. आईबाबांनी धावतपळत दाखवलेली देवळे आणि किल्ले क्वचितच आठवतात. आणि दरवर्षी दोन-चार मुले सांगतात, "मला नाही जायचं परत. सगळे रागावत होते." हे वाक्य आपण सर्वांनी गंभीरपणे घ्यायला हवे. आज ज्याला जायचे नाही, तो उद्या मोठा झाल्यावर आपल्या मुलांना घेऊन तिकडे कशाला जाईल?

आमचे मत स्पष्ट आहे. लहान मूल प्रवासात मुद्दाम त्रास देत नाही. त्याला त्रास होत असतो आणि तो सांगायला रडण्याशिवाय दुसरी भाषा त्याच्यापाशी नसते. दोष असतो तो मोठ्यांच्या मापाने आखलेल्या कार्यक्रमाचा.

अष्टविनायकाचेच उदाहरण घ्या. आठ देवळांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, महड आणि पाली रायगडमध्ये, तर सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात. दोन दिवसांत आठही दर्शने उरकायची म्हटली, तर चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला काय येते? दिवसभर गाडी, आणि रांगेत पुढच्या माणसाची पाठ. त्याऐवजी ओझर आणि लेण्याद्री ही एकाच जुन्नर तालुक्यातली दोन ठिकाणे एका दिवसात निवांत करावीत. लेण्याद्रीच्या पायऱ्या मुलाला त्याच्या गतीने चढू द्याव्यात, मध्ये बसू द्यावे, माकडे पाहू द्यावीत. उरलेले सहा गणपती कुठे जात नाहीत. एका दिवशी एकच मोठी गोष्ट, आणि दुपारची झोप चुकवायची नाही, एवढे दोन नियम पाळले तरी निम्मी चिडचिड कमी होते.

"एवढ्या लांब आलोच आहोत, तर हेही करून घेऊ," असे पालक म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. रजा चार दिवसांची, खर्च मोठा, आणि एखाद्या काकांकडे गेलो नाही तर वर्षभर ऐकावे लागते. पण रोज एका नव्या घरी झोपणारे मूल तिसऱ्या दिवशी कोणाशीच बोलत नाही, आणि मग भेटीचा हेतूच हुकतो. त्यापेक्षा एका घरी मुक्काम करावा आणि बाकीच्यांना एका संध्याकाळी तिथेच बोलवावे. आजी-आजोबांनी पुढाकार घेऊन हे नातेवाइकांना सांगितले तर कोणी रागावत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात वेगळा बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे भरावे लागते. रात्रभराच्या प्रवासात हे पैसे वाचवू नयेत, असे आम्ही आग्रहाने सांगू. झोप न झालेले मूल आणि झोप न झालेली आई सकाळी पाहुण्यांच्या घरी पोचतात, तेव्हा ती बचत महाग पडते.

मोटारीने जाताना घाटात उलटी होणे हे लहानपणी फार आढळते. कान शरीराला हालचाल सांगतात आणि डोळे मात्र मोबाईलच्या पडद्यावर स्थिर असतात, या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून घाटात मोबाईल किंवा पुस्तक नको. समोर दूरवर पाहायला सांगावे, काच थोडी उघडावी. निघताना पोट रिकामे नसावे, तसेच कचोरी-जिलेबीने तुडुंबही नसावे. सोबत दशमी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, घरचे पाणी आणि एक जादा कपड्यांचा जोड हाताशी ठेवावा, डिकीत नव्हे.

मोठ्या प्रवासाआधी छोटी तालीम करावी. महेश्वर इथून साधारण नव्वद किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघावे, अहिल्याबाईंचा किल्ला पाहावा, मागावर साडी कशी विणतात ते दाखवावे, घाटावर नर्मदेकाठी तासभर नुसते बसावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. आपले मूल कधी थकते, कशाने रमते, हे त्या एका दिवसात कळते.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. सुट्टीच्या तारखा सरकारी आदेशाने ठरतात, पण चाचण्या, स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि जादा वर्ग आपल्या हातात आहेत. ते सुट्टीला लागून नकोत आणि त्यांच्या तारखा तीन महिने आधी पालकांना कळाव्यात. तसेच प्राथमिक वर्गांना सुट्टीत वह्या भरण्याचा गृहपाठ न देता आजी-आजोबांकडून ऐकलेली एक गोष्ट मराठीत सांगणे, एवढाच गृहपाठ द्यावा, असा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही काम आहे. आपली छोटी पिशवी आपण भरा. पाण्याच्या बाटलीची जबाबदारी घ्या. येणाऱ्या स्टेशनांची नावे कागदावर लिहून एकेकावर खूण करा. ज्याच्या हाती काम असते त्याला "कधी पोचणार?" हे दर पाच मिनिटांनी विचारावे लागत नाही. थकलात, भूक लागली, तर रडण्याआधी सांगा, आणि आईबाबांनी ते ऐकून थांबावे.

ठिकाणे कमी झाली तरी चालतील. घरी परतताना मुलाने "पुन्हा कधी जायचं?" असे विचारले, तर प्रवास सफल झाला असे समजावे. सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा!