वर्गातले हसू

"काऊन रे, काल शायेत नाई आला?" गुरुजींनी दरडावून विचारले. पोरगे म्हणाले, "गुरुजी, तुमीच तं म्हनलं, अभ्यास केल्याबिगर तोंड दाखवू नको!" सारा वर्ग हसला, गुरुजीही हसले. आमच्या वऱ्हाडात असे किस्से घरोघरी सांगतात. अशा वर्गात पोरांना शाळेची भीती राहत नाही.

पण दुसरेही एक हसू आम्ही पाहिले आहे. पोर उभे राहून म्हणते, "मले नाई समजलं." गुरुजी वेडावून दाखवतात, "मले? तुले?" वर्ग खदखदतो. ते पोर खाली बसते आणि पुन्हा हात वर करीत नाही. घरात शिकणारी पहिलीच पिढी असेल, तर त्या एका हसण्याने शाळाही सुटू शकते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा शाळा शिकले नव्हते. याच 'मले-तुले'च्या बोलीत ते कीर्तनात प्रश्न विचारीत, लोक उत्तरे देत आणि पोट धरून हसत. हसू व्हायचे ते कर्जाचे, दारूचे, पशुबळीचे, शिवाशिवीचे. समोरच्या गरिबाचे नव्हे. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने आहे, अकोल्याची महाविद्यालयेही त्यालाच जोडलेली आहेत.

मायबापहो, आज संध्याकाळी पोरांना विचारा, "वर्गात कशाले हसले?" उत्तरात एखाद्या पोराचे नाव आले, तर उद्या गुरुजींना जरूर भेटा.