हारतुरे पुरे, हक्काचे बोला!



रेल्वे-टपाल कामगारांच्या पत्रात ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉलपटूची गोष्ट कशाला, असे काही साथी विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. जो अंगमेहनतीवर पोट भरतो तो कामगार. मग त्याच्या हातात हातोडा असो, टपालाची पिशवी असो की चेंडू.

मिशेल टिम्स मेलबर्नची, जन्म १९६५ चा. १९८९ मध्ये ती जर्मनीत लोटस म्युनिक संघाकडून खेळायला गेली. परदेशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन स्त्री. १९९७ मध्ये अमेरिकेत स्त्रियांची डब्ल्यूएनबीए लीग सुरू झाली, तेव्हा फिनिक्स मर्क्युरी संघात जाऊन त्या लीगमधलीही ती पहिली ऑस्ट्रेलियन ठरली. १९९६ मध्ये अटलांटाला तिच्या संघाने कांस्यपदक मिळवले. बास्केटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाचे ते पहिले ऑलिंपिक पदक. २००० साली सिडनीत रौप्य. २००२ मध्ये फिनिक्सने तिचा ७ क्रमांक कायमचा राखून ठेवला आणि २०२४ मध्ये अमेरिकेतील नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिचे नाव लागले.

सत्कार झाले. पण तिच्या मागून आलेल्या मुलींच्या पदरात काय पडले?

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाचा पुरुष संघ विमानाच्या बिझनेस क्लासमधून गेला आणि महिला संघ प्रीमियम इकॉनॉमीतून. महिलांच्या नावावर तोवर लागोपाठ चार पदके होती, पुरुषांच्या नावावर एकही नाही. त्यांचे पहिले पदक आले ते २०२१ मध्ये, टोकियोत. कोणी उंचीची सबब सांगेल, तर महिला संघाची लॉरेन जॅक्सन सहा फूट पाच इंच आहे. त्याच लंडनमध्ये देशाचा ध्वज तिच्याच हाती होता! ध्वज धरायला चालते, पण बरोबरीचे आसन मागितले की हिशेबाची वही उघडते.

पुरुषांच्या खेळावर गल्ला जास्त जमतो, म्हणून त्यांना जास्त द्यायचे, असे काही पंडित म्हणतात. आम्ही विचारतो, देशाची जर्सी घालून देशाच्या कामाला निघालेल्यांचा दर्जा तिकीटखिडकीवर ठरवायचा काय? बोभाटा झाल्यावरच त्या संघटनेने प्रवासाच्या धोरणाचा फेरविचार जाहीर केला.

अमेरिकेतल्या खेळाडू स्त्रिया मात्र कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहत बसल्या नाहीत. त्यांनी १९९८ मध्ये युनियन बांधली. १९९९ मध्ये पहिला सामूहिक करार झाला. त्यात किमान वेतन वाढले, वर्षभराची आरोग्यसेवा आणि निवृत्तियोजना मिळाली. टिम्स तेव्हा त्याच लीगमध्ये खेळत होती. सर्व संघांना प्रवासासाठी स्वतंत्र विमाने मिळायला मात्र २०२४ साल उजाडले.

पहिली येते ती दार उघडते. ते दार उघडे ठेवायला संघटनाच लागते.

हे आपल्याला परके नाही. टपालाची पिशवी तीच, उन्हातान्हाची वाट तीच. तरीही ग्रामीण डाक सेवक खात्याचा नियमित कर्मचारी गणला जात नाही. रुळांवर उभ्या राहिलेल्या पहिल्या महिलांचे फोटो छापून येतात. त्यांच्यासाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह आहे का, हे कोण विचारते? ते आपणच विचारायचे. पुढच्या शाखासभेत सत्काराच्या ठरावाआधी हा ठराव मांडा.

कामगार एकजुटीचा विजय असो!