काळें पडलेलें केळें

केळ्याची साल काळवंडली कीं तें उचलून कचऱ्याच्या टोपलींत टाकावयाचें, ही रीत आपल्या घरांतून अलीकडे फार बोकाळली आहे. विद्यार्थिमित्रहो, साल काळी पडली म्हणजे आंतील फळ नासलेंच असें नव्हे. कच्च्या केळ्यांतील पिष्ट पिकतां पिकतां साखरेंत पालटत जातें. म्हणून ठिपके पडलेलें केळेंच अधिक गोड लागतें. बुरशी आली असेल किंवा आंबूस वास सुटला असेल, तर गोष्ट निराळी.

मंगळूर-उडुपीकडील सुगरणींनीं अशाच केळ्यांचें सोनें केलें आहे. त्या पदार्थास तिकडे ‘बन्स’ म्हणतात. नांवावरून पाव आठवतो खरा, परंतु भट्टीशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. ती एक जाडसर, गोडसर, तळलेली पुरी होय.

दोन पूर्ण पिकलेलीं केळीं हातानें कुसकरावीं. त्यांत तीन चमचे साखर, दोन-तीन चमचे आंबट दहीं, अर्धा चमचा जिरें, चवीपुरतें मीठ आणि अगदीं चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. मग मावेल तसतसा मैदा घालीत जावें. सुमारें दोन पेले लागतो. पाणी एक थेंबही घालूं नये. गोळा हातास किंचित् चिकटला पाहिजे. घट्ट मळल्यास बन्स चिवट होतात. वरून चमचाभर तूप चोळून, ओल्या फडक्यानें झांकून तो रात्रभर ठेवावा.

माझा खरा वाद आहे तो या ‘रात्रभर’विषयीं. सांप्रत सर्वांना घाई. अर्ध्या तासांत बन्स पाहिजेत, म्हणून सोडा वाढवितात. दह्यांतील आम्लाशीं सोड्याचा संयोग होऊन वायु सुटतो व पीठ हलकें होतें, हें रसायनशास्त्राच्या तासाला तुम्हीं शिकलांच आहां. पण दह्यांत जेवढें आम्ल असतें, तेवढाच सोडा खपतो. उरलेला जिभेला साबणासारखा लागतो. पाहुणे येणार म्हणून मींही एकदां हा आंखूड मार्ग धरला होता. बन्स टम्म फुगले, रंगानें मात्र काळसर झाले. आणि माझ्या भाच्यानें अर्धा बन्स बशीखालीं दडविलेला मला पुढें सांपडला! रात्रभर मुरलेल्या पिठास जी मंद आंबूस चव येते, ती कोणत्याही पुडींत मिळत नाहीं.

दुसरे दिवशीं लिंबाएवढे गोळे करून, नेहमींच्या पुरीच्या दुप्पट जाड लाटावेत व मध्यम आंचेवर तळावेत. तेल फार तापलें तर साखरेमुळें बाहेरून लवकर करपतात आणि आंत कच्चे राहतात. झाऱ्यानें हलकेंच दाबलें कीं आंतील ओलाव्याची वाफ होऊन बन्स फुगून वर येतो. उडुपीकडे सकाळीं ते खोबऱ्याच्या चटणीबरोबर व सांबाराबरोबर खातात. चहाच्या वेळीं नुसतेच पुरतात.

आतां पालकांस एक विनंति. कुसकरण्याचें व मळण्याचें काम मुलींप्रमाणेंच मुलग्यांकडूनही करून घ्यावें. हें मीं बोलून दाखविलें तेव्हां एका गृहस्थांनीं विचारलें, “आमचा मुलगा शाळेंत विद्या शिकावयास येतो कीं आचारी व्हावयास?” त्यांस मीं एवढेंच विचारलें, कीं उडुपी उपाहारगृहांतून आपण जें मिटक्या मारीत खातां, तें करणारे बहुधा पुरुषच असतात ना? बाहेर ज्या कामाचे आपण पैसे मोजतों, तेंच काम घरीं मुलानें केलें तर कमीपणा कसला? शिवाय दिवसभर राबलेल्या आईच्या हातास संध्याकाळीं चार वाजतां थोडी विश्रांति मिळाली, तर तीही कांहीं लहान गोष्ट नव्हे. (उकळत्या तेलापाशीं मात्र लहान मुलांस एकटें सोडूं नये.)

त्या गृहस्थांनीं मला उत्तर दिलें नाहीं. परंतु पुढील आठवड्यांत त्यांचा मुलगा डब्यांत चार बन्स घेऊन आला. दोन वाकडे होते आणि एक फुगलाच नव्हता. आम्हीं चारही संपविले.