सरकणाऱ्या सीमा आणि न सरकलेले गावकूस

चीनच्या इतिहासात पीत नदीचे खोरे हा गाभा मानतात. सीमा मात्र हान, तांग, छिंग अशा प्रत्येक राजवटीत पुढेमागे सरकल्या. धाराशिव जिल्ह्याचा इतिहासही याच दृष्टीने शिकविला जावा.

सातवाहनकाळी तेर, म्हणजेच तगर, ही नामांकित बाजारपेठ होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तिची नोंद आहे. पुढे बहामनी सत्ता फुटली आणि हाच प्रदेश आदिलशाही व निजामशाही यांच्या सीमेवर आला. नळदुर्ग आणि परंडा हे किल्ले त्याचे साक्षीदार आहेत. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपविला, १८६० मध्ये तो परत मिळविला. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

केंद्र आणि सीमा ही सत्तेने दिलेली नावे आहेत; भूमी तीच राहते. मात्र इतक्या राजवटी बदलूनही एक सीमा हलली नाही, ती गावकुसाची. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याने पुसलेली ती रेषा मनांतूनही पुसली गेली का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रत्येक नकाशापुढे विचारावा.