सिस्टीम घेत नाही

मी सॉफ्टवेअर लिहितो. ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य बँकेच्या काउंटरवर तुम्हीही ऐकलं असेल; मी ते क्लायंटला स्वतः ऐकवलंय. बरेचदा त्याचा खरा अर्थ असतो, ‘होतं, पण तुमच्यासाठी आत्ता करणार नाही.’ मोठा क्लायंट तेच मागायला आला की लगेच होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने वेल्सच्या सरकारला हेच ऐकवलं.

वेल्स म्हणजे जेमतेम ३१ लाखांची वस्ती. १९९९ पासून कार्डिफमध्ये त्यांचं स्वतःचं निवडून आलेलं सभागृह आहे आणि आरोग्य हा विषय त्यांच्याकडे आहे. म्हणजे कोविडमध्ये पब बंद करायचे का, हे कार्डिफने ठरवायचं. पण त्या पबमधल्या वेटरचा पगार भरून देणारी योजना लंडनची, आणि तिजोरीही लंडनची.

रुग्ण वाढू लागले तेव्हा फर्स्ट मिनिस्टर मार्क ड्रेकफर्ड यांनी २३ ऑक्टोबरपासून १७ दिवसांचा लॉकडाउन जाहीर केला. अडचण तारखांची होती. जुनी फर्लो योजना ३१ ऑक्टोबरला संपणार होती आणि तिच्यात नवीन माणसं घेणं आधीच बंद झालं होतं. दोन तृतीयांश पगार देणारी नवी योजना १ नोव्हेंबरला सुरू होणार होती. वेल्सने विनंती केली की नवी योजना २३ तारखेपासूनच लागू करा, वरचा खर्च आम्ही देतो. अर्थमंत्री ऋषी सुनक यांचं उत्तर आलं: करखात्याच्या यंत्रणेला इतक्या लवकर जमणार नाही.

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी बोरिस जॉन्सन यांनी इंग्लंडमध्ये लॉकडाउन जाहीर केला. त्याच रात्री संपणारी फर्लो योजना शेवटच्या काही तासांत वाढवली गेली, तीही ८० टक्के पगारासकट. नवी योजना कधी सुरूच झाली नाही.

इंजिनियर म्हणून एक गोष्ट मान्य करतो. चालू सर्व्हिस बंद न करणं हे नवी सर्व्हिस आधी आणण्यापेक्षा सोपं असतं. पण मग तोच सोपा रस्ता वेल्ससाठी आठवडाभर आधी का सापडला नाही? मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नहॅमही त्याच महिन्यात ८० टक्क्यांसाठी भांडत होते. त्यांची दोन तृतीयांशावर बोळवण झाली. लंडन शहरावर वेळ आली तेव्हा मात्र ८० टक्के परवडले.

याच्या मुळाशी बार्नेट फॉर्म्युला आहे. इंग्लंडने आरोग्यावर १०० पौंड वाढवले, तर लोकसंख्येच्या हिशोबाने वेल्सला सुमारे ६ पौंड मिळतात. इंग्लंडने नाही वाढवले, तर शून्य. वेल्समध्ये रुग्ण किती, हा प्रश्न या फॉर्म्युल्यात कुठेच नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी जोएल बार्नेट यांनी तो तात्पुरता म्हणून काढला होता आणि पुढे तो टाकून द्यावा असं तेच म्हणू लागले. आपल्या भाषेत, टेम्पररी फिक्स चाळीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतोय.

‘पण लंडनने पैसे दिलेच की!’ दिले. त्या वर्षासाठी वेल्सला अंदाजे ५ अब्ज पौंडांच्या जादा निधीची हमी मिळाली. रक्कम लहान नव्हती. पण हमी आणि हक्क यांत फरक असतो. हमी देणारा तारीख ठरवतो. ‘मग वेल्सने कर्ज काढावं’ म्हणाल, तर तेव्हा मर्यादा होती वर्षाला १५ कोटी पौंड, तेही बांधकामासारख्या भांडवली कामांसाठी. वेटरच्या पगारासाठी नाही.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. जीएसटी आणताना राज्यांना पाच वर्षं, दरवर्षी १४ टक्के वाढ धरून, नुकसानभरपाईचं वचन कायद्यात लिहून दिलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये निर्मला सीतारामन यांनी कोविडला ‘देवाची करणी’ म्हटलं आणि राज्यांपुढे कर्ज काढण्याचे दोन पर्याय ठेवले. महाराष्ट्रासकट राज्यं महामारीशी झुंजत होती आणि आपल्याच वाट्यासाठी दिल्लीशी वादही घालत होती. ऑक्टोबरमध्ये केंद्राने स्वतः कर्ज काढून राज्यांना देण्याचं मान्य केलं. जे ऑगस्टमध्ये होत नव्हतं ते ऑक्टोबरमध्ये झालं.

संकटात स्वस्तात आणि भरपूर कर्ज केंद्रच काढू शकतं, म्हणून पैसा केंद्रानेच द्यावा, यावर वाद नाही. वाद ट्रिगरचा आहे. निवडून आलेल्या सरकारने कायद्याने दुकानं बंद केली, की पगाराची देशव्यापी योजना त्या भागात आपोआप लागू झाली पाहिजे. पत्र नको, विनंती नको, अर्थमंत्र्याचा मूड नको. गैरवापराची भीती असेल तर रुग्णसंख्येची अट आधीच लिहा. एक साधी ‘इफ’ कंडिशन आहे.

ती लिहिलेली नाही, कारण ती लिहिली की कुणी कुणापुढे हात पसरायचा हे बदलतं. तेव्हा पुढच्या संकटात कुठलाही अर्थमंत्री ‘यंत्रणेला जमत नाही’ म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: राजधानीला लागलं असतं तर?