वेदीमागचा फ्लेक्स

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला. गावाकडची मंडळी हे वाचतात हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. भांडण कुणा माणसाशी नाही, कापडाशी आहे. खरं तर कापडाच्या जागी आलेल्या प्लॅस्टिकशी.

यंदा पवित्र गुरुवारी वसईला होतो. त्या संध्याकाळची मिस्सा संपली की वेदी उघडी करतात. फुलं जातात, मेणबत्त्या जातात, शेवटी वेदीवरचं कापड घडी करून नेतात. गुड फ्रायडेला वेदी नुसती रिकामी. लहानपणी वेदीसेवक असताना हे काम मी केलंय. कापडाची दोन टोकं माझ्या हातात, दोन दुसऱ्या मुलाच्या, आणि अख्खं चर्च गप्प. धर्म फारसा कळत नव्हता, पण घरातलं कुणीतरी गेलंय एवढं कळायचं.

यंदाही वेदी उघडी झाली. आणि तिच्या मागे भलामोठा फ्लेक्स तसाच! चौकटीला ठोकलेला, काढणार कसा? वाळवंट, काटेरी मुकुट, त्यावर सोनेरी चमचमती अक्षरं, आणि खाली कोपऱ्यात 'सौजन्य' म्हणून देणगीदारांची नावं. दुसऱ्या दिवशी येशूच्या मरणाचं वाचन चालू होतं आणि माझी नजर पुन्हा पुन्हा त्या सौजन्याकडे. (हो, चूक माझीच. पण नजर जावी म्हणूनच तर छापतात ना?) नाक्यावर साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आत देवाचा. फरक काय राहिला?

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. पण चर्चमध्ये शिरल्याशिरल्या तिला वर्ष कळायचं. वेदीवर जांभळं म्हणजे आगमनकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ, पांढरं म्हणजे नाताळ किंवा ईस्टर, लाल म्हणजे पेन्टेकॉस्ट, आणि एरवी हिरवं. एक कापड बदललं की सगळं सांगून व्हायचं. आता फ्लेक्सवर सगळे रंग एकदम असतात, म्हणून एकही रंग काही बोलत नाही.

कुणी म्हणेल, देवाच्या घरी थोडा थाट नको? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगून ठेवलंय की चर्चमधल्या कलेत भपका नको, उदात्त सौंदर्य हवं. वस्त्रं आणि सजावट यांनाही तेच लागू. वेदीसाठी नियम तर इतका साधा आहे की हसू येतं: मिस्सेच्या वेळी निदान एक पांढरं कापड असावं. बस्स.

आणि नावांचं म्हणाल तर, तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चसाठी होणारं भरतकाम युरोपभर गाजलेलं होतं, पोपही ते मागवायचे. ते भरणाऱ्या बहुतेक हातांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. माझ्या आजीने वेदीच्या कापडाला क्रोशाची लेस विणली होती, द्राक्षांचे घोस आणि गव्हाच्या ओंब्या. साखळी, खांब, साखळी, खांब... दुपारची भांडी झाली की ओटीवर बसून. त्यावरही सौजन्य नव्हतं.

आता मावशीचा मुद्दा, कारण तो एकच मला निरुत्तर करतो. ती म्हणाली, "तुला सुंदर दिसतं रे, पण ते धुणार कोण, नीळ कोण घालणार, खळ कोण करणार? आम्हीच ना?" खरं आहे. बायकांच्या फुकटच्या कष्टांवर उभं राहिलेलं सौंदर्य मी पुरुषाने बाहेरून येऊन मागायचं, हे बरोबर नाही. मग माझं म्हणणं एवढंच: लेस नको, भरतकाम नको. साधं सुती पांढरं कापड घाला, मशीनमध्ये धुवा, इस्त्री आम्ही पुरुष करू. शिवणारीला पैसे द्या. पण जे घालाल ते काढता येईल असं घाला. जे कधी उतरतच नाही, त्याच्या जाण्याचं दुःख कुणाला होणार?

शेवटचं. आजीचं कापड मी शोधलं. सॅक्रिस्टीत साउंड सिस्टीमवर धूळ बसू नये म्हणून टाकलेलं होतं. फादरांना विचारून घरी घेऊन आलोय. एका कोपऱ्यावर मेण सांडलंय, ते वर कागद ठेवून कोमट इस्त्रीने काढलं. दोन ओंब्या उसवल्यात.

मावशी, वाचत असशील तर फोन कर. खळ किती पातळ करायची ते सांग. यावेळी मी घालतो.