"बॅकअप आहे" हे उत्तर नव्हे

मंडळी, कुठल्याही सरकारी कार्यालयात किंवा पतसंस्थेत विचारून बघा, "साहेब, आमची माहिती सुरक्षित आहे ना?" उत्तर ठरलेलं असतं. "रोज बॅकअप होतो, सगळं क्लाऊडवर आहे." विषय संपला!

माझ्या मते विषय इथूनच सुरू होतो. बॅकअप आहे का, हे विचारू नका. त्या बॅकअपमधून माहिती परत उभी करून शेवटची कधी पाहिली, ते विचारा.

गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे ३०० जीबी! माहिती वाचवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या. वेळेला एकही धड चालेना. क्लाऊडवरची बॅकअपची जागा चक्क रिकामी निघाली. बॅकअप फसतोय हे कळवणारे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी कुणीतरी हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिने लाज राखली. ती जागेवर आणायलाही सुमारे १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच.

आता आपल्या देशातलं बघा. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. तिथे बॅकअपचा सर्व्हर शाबूत होता, माहिती परत मिळाली. तरीही बहुतेक कामकाज सुरळीत व्हायला दोन आठवडे गेले. तोवर पेशंटच्या नोंदी कागदावर. म्हणजे माहिती परत मिळते का, एवढंच पुरत नाही. किती वेळात मिळते, हेही तितकंच महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट मुदतीची. मोठ्या संस्था आता अनेक विभागांची माहिती क्लाऊडवरच्या 'डेटा वेअरहाऊस'मध्ये, म्हणजे माहितीच्या वखारीत, एकत्र ठेवतात. तिथे चुकून पुसलेलं परत आणता येतं, पण ठरावीक दिवसच. गूगलच्या बिगक्वेरीत जास्तीत जास्त ७ दिवस. स्नोफ्लेकमध्ये आपसूक मिळतो तो फक्त १ दिवस. महागडी आवृत्ती घेऊन सेटिंग बदललं तर ९० दिवसांपर्यंत. ती मुदत टळली की आणखी ७ दिवस कंपनीच्या हातापाया पडायचं, मग सगळं संपलं. वेगळी प्रत काढून ठेवली नसेल तर क्लाऊडही काही करू शकत नाही.

आणि आपल्याकडे चूक कधी लक्षात येते? मार्चअखेरीला, घरपट्टीचं बिल दारात आल्यावर! भरलेल्या पैशांची नोंद एप्रिलमध्येच उडालेली असेल, तर सात दिवस काय नि नव्वद दिवस काय. पावती शोधत हेलपाटे मारायचे कुणी? तुम्ही-आम्ही.

"चाचणीला माणसं कुठून आणायची, खर्च कोण करणार?" असं विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे. पण सगळी वखार दर महिन्याला हलवा, असं कुणी म्हणत नाही. तीन महिन्यांतून एकदा दोन-चार महत्त्वाचे तक्ते बॅकअपमधून वेगळ्या जागी उतरवा. चालू कामाला हात लावू नका. नोंदींची संख्या जुळते का, रकमेची बेरीज जुळते का, ते बघा आणि किती तास लागले ते लिहून खाली सही करा. आग लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

ज्यांना शक्य आहे त्यांनी नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं काम आहे, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तीनच गोष्टी मागा: बॅकअपमधून माहिती परत आणण्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, किती वेळ लागला, अहवालावर सही कुणाची आहे.

उत्तर आलं की इथे कमेंटमध्ये टाका. "माहिती उपलब्ध नाही" असं आलं, तर तेही टाका. तेच सगळ्यात मोठं उत्तर असेल.